तळटीप : कुणबीण

१. कुणबीण : कुणब्याची बायको, हा अर्थ येथे घेऊ नये. मराठेशाहीच्या कागदांत ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हणजे विकत घेतलेली, कुणाला बक्षीस दिलेली किंवा बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा झालेली गुलाम स्त्री. दळण, शेणगोठा, झाडलोट, वैरण ही तिची कामे. तिच्या मुलांना लेकावळे म्हणत. कागदात तिचे बहुधा नुसते नाव येते, पुढे बापाचे नाव नाही, आणि किंमत मात्र रुपयांत नीट मांडलेली.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहायला माणसे जातात, सांगलीत गणेशदुर्ग पाहतात. भित्तिचित्रे, घाट, दिवाणखाना यांविषयी सगळे विचारतात. असल्या वाड्यांचे दळण कोण दळत होते, हेही विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मागल्या चौकात जाते दिसले तर खुंट्यापाशी क्षणभर थांबावे. अमेरिकेत लुइझियानातील व्हिटनी मळा २०१४पासून गुलामांच्या बाजूनेच दाखवला जातो. आपल्याकडे असा एक वाडा हवा.

कंपनी सरकारने १८४३च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढली. तो कंपनीच्या मुलखापुरता होता; मेणवली ज्यात येते ते सातारा तेव्हा राज्यच होते, ते १८४८मध्ये खालसा झाले. सांगली पटवर्धनांचे संस्थान राहिले. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३चे ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले.