मंद प्रकाशाचा इतिहास : रंगभूमीवरील रोधकापासून स्मार्ट डिमरपर्यंत

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात विजेच्या दिव्याला जे स्थान मिळाले, ते त्या दिव्याच्या बटणाला मिळाले नाही. एडिसन आणि स्वान यांची नावे सुशिक्षित वाचकास परिचित असतात; परंतु दिवा मंद करणाऱ्या उपकरणाची दखल क्वचितच घेतली जाते. वास्तविक प्रकाश कमी-अधिक करणे ही घराची फार जुनी गरज होय. समईत किती वाती लावावयाच्या हे प्रसंगानुसार ठरत असे, आणि रात्री निजण्यापूर्वी कंदिलाची वात बारीक केली जात असे. युरोप-अमेरिकेतील गॅसच्या दिव्यालाही तोटी होती व ती फिरवून ज्योत लहान करता येई. घरात वीज आली तेव्हा ही सोय नाहीशी झाली. विजेच्या बटणाला दोनच अवस्था होत्या : दिवा लागलेला किंवा विझलेला.

या दृष्टीने पाहता डिमर ही विजेने दिलेली नवी चैन ठरत नाही. विजेने हिरावून घेतलेली एक जुनी सोय त्याने परत मिळवून दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मात्र ही सोय प्रत्येक वेळी दिव्याच्या जातीने आणि भिंतीतील तारांनी घातलेल्या अटींवरच परत आली. आज स्मार्ट डिमर निवडताना ग्राहकाचे लक्ष प्रामुख्याने मोबाईलवरील सोयींकडे असते. तथापि या उपकरणाचे यशापयश आजही जुन्याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकेतील घरांच्या संदर्भात या प्रवासाचा मागोवा घेतला असून, शेवटी महाराष्ट्रातील घरांच्या वायरिंगचा विचार केला आहे.

रंगभूमीवरील आरंभ

विजेचा दिवा मंद करण्याची निकड प्रथम नाट्यगृहात निर्माण झाली. गॅसच्या काळात एका ठिकाणच्या तोट्या फिरवून संपूर्ण रंगमंचाचा उजेड कमी-जास्त करता येत असे, आणि विजेकडूनही व्यवस्थापकांची तीच अपेक्षा होती. लंडनमध्ये रिचर्ड डॉयली कार्ट यांनी १८८१ मध्ये उघडलेले सॅव्हॉय थिएटर हे संपूर्णपणे विजेने उजळलेले पहिले सार्वजनिक नाट्यगृह मानले जाते. तेथे स्वानचे सुमारे १,२०० दिवे होते. रंगमंचावरील दिवे मंद करण्यासाठी त्यांच्या मार्गात रोध घातला जाई.

या पद्धतीतील दोष उघड होता. दिव्याला न मिळालेली वीज वाचत नसे. ती रोधाच्या तारेत उष्णता होऊन वाया जात असे. काही नाट्यगृहांत मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात धातूचे पत्रे वर-खाली करून हेच काम करून घेत. पुढे ऑटोट्रान्सफॉर्मर आले. त्यांत उष्णतेचा अपव्यय कमी होता. परंतु ते वजनदार आणि महाग असत. नाट्यगृहात ही अडगळ खपून गेली, कारण तेथे तिच्यासाठी वेगळी जागा व ती हाताळणारा माणूस असे. सामान्य घराच्या भिंतीत बटणापुरती चौकोनी पेटी होती. त्यामुळे पुढील सुमारे ८० वर्षे बहुसंख्य घरांत डिमर आला नाही.

अर्धवाहकामुळे झालेला बदल

जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५७ मध्ये थायरिस्टर या अर्धवाहक घटकाची निर्मिती केली आणि हा अडसर दूर होण्याची शक्यता निर्माण झाली. न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या घरी जोएल स्पायरा यांनी १९५९ च्या सुमारास घरगुती डिमरवर प्रयोग केले आणि १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात ल्युट्रॉन ही कंपनी स्थापन केली. नेहमीचे बटण काढून त्याच पेटीत बसेल असा डिमर तयार होणे, ही या घटनेतील निर्णायक बाब होय. त्यासाठी भिंत फोडावी लागत नव्हती की नवी तार ओढावी लागत नव्हती. घरमालकाच्या दृष्टीने याचे महत्त्व शोधाइतकेच होते.

या डिमरचे कार्य रोधकाहून सर्वस्वी भिन्न आहे. अमेरिकेतील वीजपुरवठा ६० हर्ट्झचा असल्याने प्रवाहाच्या दर सेकंदाला १२० अर्धलहरी असतात. भारतात ५० हर्ट्झमुळे १०० असतात. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा आरंभीचा काही भाग अडवितो व उरलेला दिव्याकडे सोडतो. वीज अडविली जाते, जाळली जात नाही. म्हणून उपकरण फारसे तापत नाही. तंतुदिव्याची तार तप्त असल्याने या क्षणिक खंडांत ती थंड होत नाही आणि डोळ्यास प्रकाश अखंड दिसतो. शिवाय मंद होताना तो प्रकाश तांबूस होत जातो व दिव्याचे आयुष्यही वाढते. हे सर्व गुण वस्तुतः तंतूचे होते. डिमरने त्यांचा केवळ लाभ घेतला.

याच काळातील आणखी एका प्रयत्नाची नोंद आवश्यक आहे. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये एक्स-१० ही पद्धत विकसित केली व १९७८ मध्ये ती अमेरिकेतील दुकानांत आली. घरातील विजेच्या तारांवरूनच संदेश पाठवून दिवे लावणे, विझविणे व मंद करणे तिच्यामुळे शक्य झाले. एका घरात २५६ पत्ते देता येत. मूळ पद्धतीत दिव्याकडून उलट निरोप येत नसे. आज्ञा पोहोचली की नाही हे प्रत्यक्ष जाऊनच पाहावे लागे. आजच्या स्मार्ट डिमरचा हा पूर्वज होय.

एलईडीने निर्माण केलेला पेच

युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या काळात तंतुदिवे टप्प्याटप्प्याने बाजारातून हटविले. अमेरिकेत प्रति वॅट ४५ ल्युमेनची किमान अट ऑगस्ट २०२३ पासून पूर्णपणे लागू झाली. दिवा बदलला, भिंतीतील डिमर मात्र जुनाच राहिला. एलईडी दिव्याच्या बुडाशी एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल असते व ते येणाऱ्या लहरीतून स्वतःपुरती स्थिर वीज तयार करते. कापलेली लहर मिळाल्यावर काय करावयाचे हे त्या मंडलाच्या रचनेवर ठरते. काही दिवे लुकलुकतात, काही गुणगुणतात, तर काही अर्ध्यावर येऊन एकदम विझतात. डिमर आणि एलईडी यांचा मेळ बसावा म्हणून अमेरिकेत २०१३ मध्ये एसएसएल-७ए हे मानक प्रसिद्ध झाले. लहरीचा आरंभ कापण्याऐवजी शेवट कापणारे डिमरही एलईडीसाठी अधिक प्रमाणात वापरात आले.

यास्तव डिमरच्या वेष्टनावर अनेकदा दोन आकडे छापलेले आढळतात. उदाहरणार्थ, तंतुदिव्यांसाठी ६०० वॅट आणि एलईडीसाठी १५० वॅट. एलईडीचे मंडल प्रत्येक अर्धलहरीत अल्पकाळ मोठा प्रवाह खेचते, हे या तफावतीमागील कारण आहे. केवळ वॅटची बेरीज पाहून निवड करणारा ग्राहक येथे फसतो. ज्या दिव्याच्या खोक्यावर तो मंद करता येत असल्याचा उल्लेख नाही, त्याला कितीही महाग डिमर जोडला तरी उपयोग होत नाही.

न्यूट्रल तारेचा प्रश्न

स्मार्ट डिमरच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एका तारेचा आहे. अमेरिकेतील अनेक जुन्या घरांत वीज प्रथम छतावरील दिव्याच्या पेटीत जाते आणि तेथून दोनच तारा खाली बटणाकडे येतात. एक फेज आणते, दुसरी ती दिव्याकडे परत नेते. न्यूट्रल बटणापर्यंत येतच नाही. साध्या बटणाला तिची आवश्यकता नव्हती. स्पायरांच्या काळातील डिमरलाही नव्हती, कारण दिवा बंद असताना त्या डिमरला काही करावयाचे नसे.

स्मार्ट डिमरची गोष्ट निराळी आहे. दिवा विझलेला असतानाही त्याला आज्ञेची वाट पाहत जागे राहावे लागते, आणि त्यासाठी अल्पशी वीज सतत लागते. न्यूट्रल नसेल तर ही वीज दिव्यातूनच वाट काढते. ६० वॅटच्या तंतुदिव्यात तिचा मागमूस लागत नसे. ८ वॅटचा एलईडी मात्र तेवढ्यानेच मिणमिणतो. काही उपकरणे हा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून परतवीत. जी तार केवळ अपघाताच्या वेळी प्राण वाचविण्यासाठी असते, तिच्यातून नित्य प्रवाह जाणे हे सुरक्षेच्या तत्त्वालाच बाध आणणारे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने २०११ च्या आवृत्तीत दिव्यांच्या बहुतेक बटणांच्या पेटीत न्यूट्रल असणे आवश्यक ठरविले. जुन्या घरांना याचा लाभ झाला नाही. त्यांच्यासाठी न्यूट्रलविना चालणारे डिमर वापरावे लागतात व प्रसंगी दिव्याच्या ठिकाणी एक लहान पूरक घटक जोडावा लागतो. म्हणून खरेदीपूर्वी मुख्य स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, जाणकार वायरमनकडून पेटी उघडून पाहणे हीच निवडीची पहिली पायरी ठरते.

संदेशवहनाच्या पद्धतीचा विचार त्यानंतर येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मॅटर या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना परस्परांशी जोडण्याचा समान मार्ग उपलब्ध झाला. हा प्रश्न गौण नाही. २००५ पासून भिंतीवरील डिमर विकणाऱ्या इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेविना बंद पडले. फोनवरून व आवाजाने चालणारे नियंत्रण थांबले. भिंतीवरील बटणे मात्र कार्यरत राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये काही वापरकर्त्यांनीच ती कंपनी विकत घेतली. नियंत्रण घराबाहेरील संगणकावर अवलंबून असेल, तर कंदिलाच्या वातीवर जी सत्ता होती ती घरमालकाकडे उरत नाही.

महाराष्ट्रातील घरे

महाराष्ट्रात मंद प्रकाशाची गरज वेगळ्या मार्गाने भागविली गेली. झोपण्याच्या खोलीत मुख्य दिव्यासोबत झिरोचा दिवा लावण्याची प्रथा रूढ झाली. नाव झिरोचे असले तरी तो प्रत्यक्षात १५ वॅटच्या आसपास वीज घेई. बहुसंख्य मध्यमवर्गीय घरांना डिमरची उणीव भासली नाही, यामागे हा स्वस्त उपाय असावा. डिमरचे मंडल घरोघरी पोहोचले ते पंख्याच्या रेग्युलेटरच्या रूपाने. आधीच्या जड, तापणाऱ्या रोधकपेटीची जागा ज्या फिरत्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने घेतली, त्यात तीच लहर कापण्याची युक्ती होती. म्हणूनच कमी वेगावर पंखा गुणगुणत असे. पुढे कपॅसिटरचे रेग्युलेटर आले आणि ही तक्रार कमी झाली.

५ जानेवारी २०१५ रोजी आरंभ झालेल्या उजाला योजनेखाली देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. त्यानंतर येथील डिमरचा प्रश्नही अमेरिकेप्रमाणेच मुख्यतः दिव्याच्या मंडलाचा झाला. न्यूट्रलच्या बाबतीत मात्र येथील घरे अनपेक्षितपणे सुस्थितीत आहेत. आपल्याकडे दिव्यांची बटणे, पंख्याचा रेग्युलेटर आणि सॉकेट एकाच स्विचबोर्डवर बसविण्याची पद्धत आहे, आणि जेथे सॉकेट आहे तेथे न्यूट्रल आलेली असतेच. अडचण येते ती दाराजवळच्या सुट्या बटणाची व जिन्याच्या दिव्याची. दोन ठिकाणांहून चालणाऱ्या या जोडणीला आपल्याकडे टू-वे म्हणतात आणि अमेरिकेत थ्री-वे. परदेशी माहितीपत्रक वाचून डिमर मागविणाऱ्याचा घोटाळा बहुधा येथे होतो. शिवाय १२० व्होल्टसाठी बनविलेले तेथील उपकरण येथील २३० व्होल्टवर लावता येत नाही. जिन्याच्या जोडणीत सहसा एकाच टोकाला डिमर बसवितात. दुसऱ्या टोकाला साधे बटण चालेल की त्याच कंपनीचे जोडबटण लागेल, हे त्या डिमरच्या रचनेवर ठरते, आणि वायरमनला बोलाविण्यापूर्वी ते माहितीपत्रकात पाहून घ्यावे लागते.