बाबिलोनच्या मार्दुकाचे परदेशप्रवास

प्राचीन सुमेर देशात प्रत्येक नगर कोणत्या ना कोणत्या देवाच्या मालकीचे समजले जाई. ऊर हे चंद्रदेव नन्नाचे, एरिदू हे जलदेव एन्कीचे, उरुक हे आकाशदेव अन आणि इनन्ना देवी यांचे, तर निप्पूर हे एन्लिलाचे. राजा हा त्या मालकाचा केवळ कारभारी. या देवसभेत एन्लिलाचा अधिकार असा मोठा, की निप्पूरने स्वतः कधी साम्राज्य उभारले नसताही दूरदूरचे राजे आपल्या राज्यपदाला त्याची मान्यता मिळावी म्हणून धडपडत. पुढे सेमिटिक भाषा बोलणाऱ्या अक्कदी लोकांनी हीच दैवते आपलीशी केली. नन्नाचा सिन झाला, एन्कीचा एआ झाला, इनन्नेची इश्तार झाली. युफ्रेटिसच्या काठी बाबिलोन नावाचे एक दुय्यम नगर होते. त्याच्या मार्दुक नामक देवाला मात्र या थोर मंडळीत कोणी विचारीत नव्हते.

मार्दुकाचे भाग्य उघडले ते हम्मुराबी राजामुळे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात या राजाने अवघा मेसोपोटेमिया एका छत्राखाली आणला आणि आपल्या कायद्याच्या शिलालेखात आरंभीच लिहून ठेवले, की अनू आणि एन्लिल यांनी लोकांचे प्रभुत्व मार्दुकास दिले. यातील खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. राज्य मार्दुकाचे खरे. पण ते देणारा अजून एन्लिलच होता.

मूर्तीविषयी या लोकांची कल्पना काय होती, हे ठाऊक असल्यावाचून पुढील हकिकत नीट उमगणार नाही. लाकडाची, सोन्याने मढविलेली मूर्ती तयार झाली, की तिच्यावर ‘मुख-प्रक्षालना’चा विधी करीत. त्यावाचून मूर्तीला धूपाचा वास येत नाही, अन्न खाता येत नाही, पाणी पिता येत नाही, असे विधिग्रंथ बजावतात. आपल्याकडील प्राणप्रतिष्ठेची येथे आठवण झाल्यास नवल नाही. परंतु बाबिलोनी लोक एक पाऊल पुढे गेले होते. ज्या कारागिरांनी मूर्ती घडविली, त्यांचे हात बांधून लाकडी सुरीने ते तोडल्याचा अभिनय होई, आणि ‘ही आम्ही केली नाही, देवांनी केली’ अशा आशयाची शपथ त्यांना घ्यावी लागे. अशी मूर्ती शत्रूने नेली, म्हणजे साक्षात देवच नगर सोडून गेला!

आणि ती एकदा नव्हे, अनेकदा नेली गेली. सुमारे १५९५ साली, अर्थात इसवी सनापूर्वी, हित्ती राजा मुर्सिली याने बाबिलोन लुटले. त्या धाडीत मार्दुकही गेला, अशी परंपरा आहे. तेराव्या शतकात असिरियाच्या तुकुल्ती-निनुर्ताने त्याला नेले. बाराव्या शतकात, सुमारे ११५५ च्या सुमारास, एलामच्या कुतिर-नाहुन्ते राजाने त्याला पळविले. हम्मुराबीचा तो प्रसिद्ध शिलालेखही याच काळात एलामी लुटीत सूसा नगरीत जाऊन पडला. तेथे तो फ्रेंच उत्खननात १९०१-०२ साली सापडला.

पराभूत देवाचे समर्थन कसे करावयाचे? बाबिलोनच्या पुरोहितांनी त्यावर एक विलक्षण ग्रंथ रचला. त्यात स्वतः मार्दुकच आपले प्रवासवर्णन सांगतो. हित्ती देशात आपण चोवीस वर्षे राहिलो ते बाबिलोनचा व्यापार तेथे रुजविण्यासाठी. एलामला गेलो तेही स्वेच्छेनेच. कोणी नेले म्हणून नव्हे, मनात आले म्हणून!

एलाममधून त्याला परत आणले ते पहिल्या नेबुखद्नेझरने. जेरुसलेम उद्ध्वस्त करणारा तो हा नव्हे. त्याच्यापूर्वी सुमारे पाचशे वर्षे हा होऊन गेला. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील एका शिळेवर या स्वारीचे वर्णन आहे. स्वारी निघाली ती भर उन्हाळ्यात. कुऱ्हाडी विस्तवासारख्या तापल्या, वाटेतल्या विहिरी आटल्या, उमदे घोडे आणि शूर वीर यांचे पाय गळाले. मूर्ती परत आली, आणि याच राजाच्या काळी मार्दुक हा उघडपणे सर्व देवांचा राजा म्हणविला जाऊ लागला, असे मत डब्ल्यू. जी. लँबर्ट या पंडिताने १९६४ साली मांडले. तिआमत या समुद्ररूपिणी राक्षसीला मारून मार्दुकाने विश्व रचले आणि देवांनी त्याला पन्नास नावे अर्पण केली, ही सात इष्टिकांवरील सृष्टिकथा याच वैभवाचे स्तोत्र होय. पन्नास हा पूर्वी एन्लिलाचा अंक होता, हे येथे विसरून चालणार नाही. असिरियाच्या लेखनिकांनी ही कथा उतरवून घेतली तेव्हा मार्दुकाचे नाव काढून तेथे आपला अश्शूर देव बसविला. कथा तीच ठेवली.

सर्वांत कठोर घाव ६८९ साली पडला. असिरियाचा सम्राट सेनाखरीब याच्या मुलाला बाबिलोनच्या लोकांनी पकडून एलामींच्या हवाली केले होते. त्या पुत्रशोकाने पेटलेल्या बापाने नगर लुटले, देवांच्या मूर्ती फोडविल्या आणि कालव्यांचे पाणी सोडून नगराची खूणही उरू नये अशी तजवीज केली. पुढे ६८१ मध्ये तो आपल्याच पुत्राकरवी मारला गेला, आणि गादीवर आलेल्या एसरहद्दोनला बाबिलोन पुन्हा बांधावेसे वाटू लागले. अडचण एवढीच, की सत्तर वर्षे हे नगर ओसाड राहावे, असे मार्दुकानेच भाग्यपट्टावर लिहून ठेवल्याची श्रद्धा होती. राजाच्या पंडितांनी तोड काढली. कीलाक्षर लिपीत साठासाठी एक उभी खूण आणि तिच्यापुढे दहाची खूण काढली, की सत्तर होतात. परंतु तीच उभी खूण एकासाठीही वापरतात. दोन्ही खुणांची अदलाबदल केली, की दहा आणि एक, म्हणजे अकरा! दयाळू मार्दुकाने पट्ट उलटा केला आणि सत्तराची अकरा वर्षे झाली, असे राजाने आपल्या लेखांत कोरवून ठेवले. तरीही मूर्ती स्वगृही आली ती ६६८ मध्येच. तोवर वीस वर्षे नववर्षाचा अकीतू उत्सव झाला नाही, अशी नोंद बखरींत आहे.

या उत्सवाच्या पाचव्या दिवशी पुजारी राजाची राजचिन्हे काढून घेई, त्याच्या थोबाडीत मारी, कान धरून त्याला देवापुढे वाकवी, आणि राजाच्या डोळ्यांतून पाणी आले तर देव प्रसन्न झाला असे मानी. ज्याच्यापाशी असा अधिकार, त्या पुरोहितवर्गाचा रोष ओढवून घेणे धोक्याचे होते. शेवटचा राजा नबोनिदस हा चंद्रदेव सिन याचा एकनिष्ठ भक्त. तो दहा वर्षे अरबस्तानातील तैमा येथे राहिला. बाबिलोनमध्ये उत्सव बंद पडला. ५३९ मध्ये इराणचा कुरुश नगरात शिरला तेव्हा बाबिलोनी लेखनिकांनी त्याच्या नावे मातीच्या नळकांड्यावर लिहिले, की मार्दुकाने सर्व देश धुंडाळून हा न्यायी राजा निवडला आणि त्याचा हात धरून त्याला आणले. पराभवातही देवाची इच्छा पाहण्याची हजार वर्षांची सवय या वेळी परकीयाच्या कामी आली. गंमत अशी, की त्याच नगरातील निर्वासित यहुद्यांचा यशया ग्रंथ हाच कुरुश आपल्या यहोवाचा अभिषिक्त म्हणून गौरवितो, आणि बाबिलोनचे देव थकलेल्या जनावरांच्या पाठीवर ओझे होऊन चालल्याची थट्टा करतो.

कुरुशानंतरचा इराणी सम्राट झर्क्सीस याने मार्दुकाच्या देवळातून एक सुवर्णमूर्ती नेल्याचे हेरोडोटस सांगतो. ती मार्दुकाचीच होती की काय, याविषयी पंडितांत एकमत नाही. ज्या टेकाडाखाली ते देऊळ गाडले गेले, त्यावर अमरान इब्न अली या मुसलमान साधुपुरुषाची कबर आहे. १९०० साली जर्मन संशोधक कोल्डेवाय याने तेथे सुमारे वीस मीटर खोल खणून देवळाची फरशी गाठली. मूर्ती मिळाली नाही.