हेमिसच्या पोथीची कुळकथा

यरुशलेमच्या मंदिरात धर्मशास्त्र्यांमध्ये बसून प्रश्न विचारणारा बारा वर्षांचा येशू लूकच्या शुभवर्तमानात एकदा दिसतो, आणि त्यानंतर दिसतो तो सुमारे तीस वर्षांचा, उपदेशास आरंभ करणारा पुरुष. मधल्या अठरा वर्षांविषयी त्या ग्रंथकाराने एका वाक्यापलीकडे काही लिहिलेले नाही. प्राचीन चरित्रकारांना अशा मौनाचे वैषम्य वाटत नसे. परंतु थोर पुरुषाची जडणघडण कशी झाली याची मीमांसा ज्याला हवी असे, त्या एकोणिसाव्या शतकातील वाचकाला ते मौन साहवेना. आणि येशू त्या काळात हिंदुस्थानात येऊन विद्याभ्यास करीत होता ही आख्यायिका, जी आज अनेक सुशिक्षित माणसेही विश्वासाने सांगतात, तिला भूमी मिळाली ती तेथे.

तिचा कर्ता निकोलस नोटोविच हा क्रिमियातील केर्च येथे १८५८ साली जन्मलेला रशियन वृत्तपत्रकार. १८८७ साली तो काश्मीरमार्गे लडाखात आला, आणि १८९४ साली त्याने पॅरिसमध्ये येशूच्या अज्ञात चरित्राचे फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध केले. लेहपासून काही कोसांवरील हेमिस गोंपाच्या वाटेवर घोड्यावरून पडून आपला पाय मोडला, मठात आपली शुश्रूषा झाली, आणि त्या मुक्कामात मुख्य लामांनी दोन जाडजूड पोथ्या आणून त्यांतील ‘संत इसा’चे चरित्र वाचून दाखविले, ते आपण दुभाष्याकरवी टिपून घेतले, असे त्याचे कथन होते. त्या चरित्रानुसार तेराव्या वर्षी, विवाहाचा प्रसंग टाळण्यासाठी, इसा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर सिंधकडे निघाला. जगन्नाथ, राजगृह आणि काशी येथे राहिला. वैश्यशूद्रांना शिकवू लागला म्हणून ब्राह्मणांचा रोष त्याने ओढवून घेतला. पुढे नेपाळात बौद्ध सूत्रे अभ्यासली, आणि इराणातून परतताना तो एकोणतीस वर्षांचा होता. मूर्तिपूजा आणि वर्णभेद यांवर हा इसा जे बोलतो ते वाचताना पहिल्या शतकातील काशी डोळ्यांपुढे उभी राहत नाही. एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारकांची व्यासपीठेच आठवतात.

पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत असतानाच, १८९४ च्या ऑक्टोबरात, ऑक्सफर्डच्या मॅक्स म्युलर यांनी लंडनच्या एका मासिकात त्याची शहानिशा केली. कंजूर आणि तंजूर या तिबेटी धर्मग्रंथसंग्रहांच्या उपलब्ध सूच्यांत या चरित्राचा उल्लेख नाही हा त्यांचा एक मुद्दा. पुस्तकानुसार येशूच्या वधाची वार्ता हिंदुस्थानात आणणाऱ्या ज्यू व्यापाऱ्यांना, इसाला विद्यार्थिदशेत ओळखणारीच माणसे नेमकी भेटावीत, हा योगायोग त्यांना त्याहून अविश्वसनीय वाटला. तरीही लामांनीच या प्रवाशाची फसगत केली असेल अशी शक्यता त्यांनी मोकळी ठेवली, आणि प्रतिपक्षाविषयी असे औदार्य दाखविणारी टीका मला नेहमीच अधिक प्रमाण वाटत आली आहे. नोटोविचचे उत्तर मात्र त्याच्याच मूळ कथनाला बाध आणणारे होते: ही वचने एका ग्रंथात नसून अनेक ग्रंथांत, शीर्षकावाचून, विखुरलेली आहेत, असे तो आता म्हणू लागला. मग लामांनी वाचून दाखविलेल्या त्या दोन पोथ्या कोणत्या?

प्रत्यक्ष हेमिसला जाऊन विचारण्याचे कष्ट घेतले ते आग्र्याच्या सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापक जे. आर्चिबाल्ड डग्लस यांनी. १८९५ साली ते मठात उतरले, लडाखचे माजी पोस्टमास्तर दुभाषे म्हणून बरोबर घेतले, आणि मुख्य लामांपुढे नोटोविचचे कथन भाषांतर करून मांडीत एकेक प्रश्न विचारला. बेचाळीस वर्षे लामा असलेल्या त्या वृद्ध मठाधिपतींनी सांगितले की पाय मोडलेला कोणी युरोपीय आपल्या मठात राहिलेला नाही, इसाचे नाव असलेला ग्रंथ आपल्या पाहण्यात किंवा ऐकण्यात नाही, आणि हे सारे असत्य आहे. ती जबानी लेखी झाली, तिच्यावर लामांची मोहोर उमटली. नोटोविच लडाखात आला होता हे खरे होते. लेहच्या मोरावियन मिशनच्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचारही केले होते, पण ते दातदुखीवर. या साऱ्या तहकिकातीत मला सर्वांत मोलाची वाटते ती लामांची साक्ष, कारण ज्यांच्या भांडारातील पोथीवरून युरोपात वाद माजला त्यांचेच ते लेखी उत्तर होते. पुढे १९२२ साली रामकृष्ण मठपरंपरेतील स्वामी अभेदानंद हेमिसला गेले आणि आपल्याला ती पोथी दाखविण्यात आली असे त्यांनी बंगालीत लिहिले. परंतु पारखून घ्यावी अशी प्रत अभ्यासकांच्या हाती तेव्हाही आली नाही.

या आख्यायिकेचा दुसरा धागा आपल्या अगदी जवळचा, पैठणचा आहे. काशीस राहणाऱ्या फ्रान्सिस विल्फर्ड या लष्करी अधिकाऱ्याला पुराणांत बायबलच्या कथा सापडाव्यात अशी उत्कंठा होती. ती ओळखून त्याच्या पदरच्या पंडिताने पोथ्यांत फेरफार करून हवे ते श्लोक पुरविले, आणि १८०५ साली विल्फर्डला ही फसवणूक जाहीरपणे कबूल करावी लागली. पण त्याने उत्कंठा ओसरली नाही. पुढच्या निबंधांत त्याने पैठणच्या शालिवाहनाच्या कथेत ख्रिस्तचरित्राचे प्रतिबिंब शोधले. भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वात तर शालिवाहन राजाला हिमालयात गौरवर्ण, शुभ्रवस्त्रधारी ईशामसीह भेटतो. ही भेट प्राचीन प्रमाण म्हणून दाखविणारे सहसा सांगत नाहीत की त्याच पर्वात कलकत्ता आणि इंग्रजांचे राज्यही आहे. मुंबईच्या वेंकटेश्वर मुद्रणालयाने छापलेल्या त्या ग्रंथाला जर्मन पंडित आउफ्रेख्ट यांनी १९०३ साली वाङ्मयीन लबाडी म्हटले. मराठीत गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांनी, १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्त परिचय’ या पुस्तकात, ख्रिस्त मूळचा हिंदूच होता असे प्रतिपादन केले. आपल्या धर्माचा गौरव हा त्यामागचा हेतू स्पष्ट आहे, आणि म्हणूनच प्रमाणांची कसोटी तेथे अधिक कडक असायला हवी होती.

श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यातील रोजाबल ही कबर हा तिसरा धागा. नोटोविचचा इसा यरुशलेमात क्रूसावर मरतो; कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ साली मांडले ते असे की येशू क्रूसावरून वाचला, काश्मिरात आला, वृद्धापकाळी निवर्तला, आणि खानयारात यूझ आसफ या नावाने त्याचीच कबर आहे. पण यूझ आसफाचे कूळ शोधू गेले तर वाट यरुशलेमला जात नाही. राजवाडा सोडून तपश्चर्येस निघालेल्या राजपुत्राची, म्हणजे बुद्धाची कथा मध्य आशिया आणि इराणातून अरबीत उतरली. तेथे बोधिसत्त्वाचा बूदासफ झाला, लेखकांच्या हातून एका नुक्त्याच्या फरकाने यूदासफ झाला, आणि त्याचेच आणखी एक रूप म्हणजे यूझ आसफ. त्या अरबी कथेवरून जॉर्जियन, तीवरून ग्रीक, ग्रीकवरून लॅटिन असे तिचे पिढीजात वंशज ग्रंथालयांत आज वाचावयास मिळतात. मॅक्स म्युलर यांनी नोटोविचच्या पुस्तकापूर्वी कितीतरी वर्षे आपल्या एका व्याख्यानात हा वंशवृक्ष उलगडून दाखविला होता. आणि रोमन चर्चने आपल्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर या तिथीस ज्या संत योसाफातची नोंद केली, तो राजपुत्र कपिलवस्तूचा होता.