लोणकढी थाप नव्हे!

सुट्टी कशी घालवू नये हे शिकायचं असेल तर चार्ल्स डार्विनकडे पाहावं. १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ छापून त्यानं जगभर भांडण लावून दिलं आणि १८६० च्या उन्हाळ्यात हा गृहस्थ विश्रांतीसाठी ससेक्स परगण्यात गेला. तिथल्या ओलसर माळावर ड्रॉसेरा नावाच्या इवल्याशा झाडाच्या पानांना किडे चिकटलेले दिसले. तुम्ही-आम्ही ‘अरेरे’ म्हणून चहाला परतलो असतो. डार्विन झाडंच घरी घेऊन आला आणि त्यांना जेवू घालू लागला. भाजलेलं मांस, अंड्याचा पांढरा बलक, दूध, चीज! जावयाचीसुद्धा कुणी इतकी बडदास्त ठेवत नाही. शेवटी त्याच्या पत्नीनं, एमानं, एका पत्रात टोमणा मारला, की हे त्या झाडाला जिवंत प्राण्यासारखं वागवताहेत. बहुधा तो प्राणीच आहे असं सिद्ध करणार!

या मंडळींतलं माझं लाडकं झाड म्हणजे बटरवर्ट. पानं अशी तुपकट, की पोळीसारखं कुणी आत्ताच बोट फिरवून गेलंय. पिंग्विक्युला हे त्याचं लॅटिन नावही ‘स्निग्ध’ याच अर्थाचं. लिनीअस हा स्वीडिश पंडित १७३२ साली लॅपलँडला जाऊन आला. तिथले लोक रेनडिअरचं कोमट दूध या पानांवर ओतून घट्ट करतात, असं त्यानं १७३७ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. म्हणजे पानांची करामत गवळ्याला ठाऊक, पंडितालाही ठाऊक. पानांवर मेलेली चिलटंही होतीच. पण ‘चिकटली असतील बिचारी’ एवढ्यावर गोष्ट संपायची. झाड जेवतं म्हणणं म्हणजे लोणकढी थाप!

डार्विननं मात्र शिरगणती केली. नॉर्थ वेल्समधून आलेल्या ३९ पानांपैकी ३२ पानांवर त्याला १४२ किडे सापडले. मग त्यानं पानावर मांसाचे तुकडे ठेवून पाहिले. पानाची कड हळूहळू आत वळली, पाझरणारा रस वाढला, आंबट झाला आणि त्यात मांस विरघळू लागलं. १८७५ साली हे सारं पुस्तकात आलं. तरी ‘खाऊन झाडाला फायदा काय?’ हा प्रश्न उरलाच. १८७७ साली त्याच्या मुलानं, फ्रान्सिसनं, ड्रॉसेराच्या काही झाडांना मांस वाढलं, काहींना उपाशी ठेवलं. जेवलेल्यांना बिया कितीतरी जास्त धरल्या.

आमच्या खिडकीत मेक्सिकोतल्या जातीचं एक बटरवर्ट आहे. आईनं ते तुळशीपासून चार हात लांब ठेवायला लावलं. त्याचं पथ्य एखाद्या सोवळ्या आजीपेक्षा कडक. नळाचं पाणी वर्ज्य, कारण त्यातले क्षार मातीत साचून मुळं जळतात. पावसाचं पाणी हवं, नाहीतर डिस्टिल्ड वॉटर. तेही कुंडीखालच्या बशीत थोडं, आणि हिवाळ्यात त्याहून कमी. खताचं तर नाव काढू नका! निकस मातीत जे मिळत नाही तेच तर ते चिलटांकडून वसूल करतं. पाहुणा दिसला की आग्रह करकरून वाढणाऱ्या आपल्या घरांत या झाडाला धोका उपासमारीचा नाही, पाहुणचाराचा आहे. आमच्याकडे सध्या पावसाच्या पाण्याची बादली भरून ठेवलेली असते आणि तिला हात लावायची प्राज्ञा कुणाची नाही. ‘माणसांना टँकर आणि या चिलीटखाऊला गंगाजल!’ हे आमच्या सौभाग्यवतींचं मत. एमा डार्विनचं पत्र मी त्यांना मुद्दामच सांगितलेलं नाही.

बटरवर्ट आपल्या सह्याद्रीत नसलं तरी त्याच्याच कुळातली सीतेची आसवं साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलतात. जांभळी, नाजूक फुलं. ओल्या मातीत मात्र तिच्या बारीक बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव गट्ट करत असतात. फोटो सगळेच काढतात; वाकून पाहणारा एखादाच. पुढच्या खेपेला तिथं गेलात तर पाऊल जपून टाका. वर आसवं ढाळणाऱ्या या बाईंचं खाली जेवण चालू असतं.