नमुना क्रमांक ४९९१ आणि माझी ती चौकट

फेब्रुवारी २०२० मधली गोष्ट. तालुक्याच्या पानासाठी मी एक चौकट दिली होती. मथळा साधारण असा : 'कोरोनाच्या विषाणूत एचआयव्हीचे तुकडे'. आधार होता दिल्लीतल्या संशोधकांच्या एका निबंधाचा. तज्ज्ञांची तपासणी व्हायच्या आधीच, ३१ जानेवारीला तो इंटरनेटवर आला होता. विषाणूच्या काट्यांच्या प्रथिनातले चार छोटे तुकडे एचआयव्हीशी जुळतात, असं त्यात म्हटलं होतं. योगायोग म्हणून सोडून द्यावा असं हे साम्य नाही, असाही सूर होता. मला तेवढं पुरलं.

माझी चौकट छापून आली त्याच्या दोन दिवस आधी लेखकांनी निबंध मागे घेतला होता. ते तुकडे इतके छोटे होते की तसे कितीतरी इतर जीवांतही सापडतात. हे मला नंतर कळलं. खुलासा छापला नाही. कोण वाचतंय, असं वाटलं.

एप्रिलमध्ये एका बाईंचा फोन आला. दर महिन्याला एआरटीच्या गोळ्या घेणाऱ्या. लॉकडाऊन चालू, आणि घरमालक म्हणतोय खोली रिकामी करा, पेपरात आलंय, तुमचा रोग आणि कोरोना एकच. "दादा, ते तुम्हीच लिहिलं होतं ना?"

मी घरमालकाला भेटायला गेलो. त्यानं कात्रण जपून ठेवलं होतं. मला माझीच बातमी दाखवली.

आता दुसरी गोष्ट, त्याच महिन्यांतली.

३ फेब्रुवारी २०२० ला 'नेचर'मध्ये वुहानच्या विषाणू संस्थेचा निबंध आला. वटवाघळात सापडलेला 'आरएटीजी१३' हा विषाणू नव्या कोरोनाशी ९६.२ टक्के जुळतो, असं त्यात होतं. तो युनान प्रांतातला, एवढंच सांगितलं होतं. नेमका कुठला, तिथे काय घडलं होतं, याचा पत्ता नाही.

मग जगभरातले काही लोक घरात बसून शोधायला लागले. एकमेकांना कधी न भेटलेले, बरेचसे टोपणनावानं लिहिणारे. त्यांच्या लक्षात आलं की याच संस्थेनं २०१६ मध्ये छापलेला ४९९१ क्रमांकाच्या नमुन्याचा छोटा तुकडा आरएटीजी१३ शी तंतोतंत जुळतो. म्हणजे नाव बदललं, विषाणू तोच. आणि तो नमुना मोजियांगमधल्या एका बंद खाणीतला होता.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. मोनाली रहाळकर आणि बाएफमधले डॉ. राहुल बाहुलीकर या दांपत्यानं ही खाण लावून धरली. मे २०२० मध्ये 'द सीकर' या नावानं लिहिणाऱ्या भारतातल्याच एका तरुणानं चिनी प्रबंधांच्या साठ्यातून २०१३ चा एक वैद्यकीय प्रबंध शोधून काढला. त्यात होतं : एप्रिल २०१२, वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा कामगार, न्यूमोनिया, कुनमिंगच्या रुग्णालयात उपचार, तिघांचा मृत्यू. रहाळकर-बाहुलीकर यांचा निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये 'फ्रंटियर्स इन पब्लिक हेल्थ'मध्ये आला. नोव्हेंबरमध्ये वुहानच्या संस्थेला 'नेचर'मध्ये पुरवणी द्यावी लागली : होय, ४९९१ आणि आरएटीजी१३ एकच, होय, त्याच खाणीतला.

इथवरचं श्रेय त्यांचं. पण कागद जिथे संपला तिथे सगळे थांबले नाहीत. त्याच पुरवणीत होतं की कामगारांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, त्यांत या विषाणूचा मागमूस नाही. शिवाय ९६.२ टक्के म्हणजे सुमारे तीस हजार अक्षरांत अकराशेहून जास्त फरक. तेवढा पडायला काही दशकं जातात. २०२१ मध्ये लाओसच्या वटवाघळांत याहून जवळचा विषाणू सापडला, ९६.८ टक्क्यांचा. तरी 'खाणीतून प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतून बाजारात' ही गोष्ट आपल्या ग्रुपांवर सिद्ध झाल्यासारखी फिरत राहिली. सुरुवातीचे रुग्ण हुआनानच्या बाजाराभोवती होते, म्हणून बरेच विषाणूतज्ज्ञ प्राण्यांकडे बोट दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं जून २०२५ मध्ये सांगितलं की चीननं मागितलेली माहितीच दिलेली नाही, त्यामुळे सगळ्या शक्यता खुल्या आहेत.

हे असे धागे जोडणं इंटरनेटबरोबर आलेलं नाही. १९७४ मध्ये पीटीआयच्या एका बातमीनं दोन गोष्टी जोडल्या. एक, जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआरचा डासांवरचा प्रकल्प, अमेरिकी पैशावर चाललेला. दुसरी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं काम, त्यातही अमेरिकी लष्कराचा पैसा. संशय : जैविक युद्धाची तयारी. १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीचा अहवाल आला, डासांचा प्रकल्प बंद झाला. पैशाची माहिती खरी होती, विचारलेले प्रश्नही रास्त होते. जैविक युद्धाचा पुरावा मात्र पुढे आला नाही. त्या प्रकल्पात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासावरही काम होतं. दर पावसाळ्यात आपल्या नगरपालिकेचं धुराचं मशीन गल्लीत येतं तेव्हा मला ते आठवतं.

लोकांनी शोधू नये, असं मी म्हणणार नाही. संस्था माहिती दाबतात, तेव्हा कुणीतरी खणलंच पाहिजे. मोजियांगची खाण मोठ्या पेपरांनी आधी शोधली नाही, ती या हौशी माणसांनी शोधली. पण त्यांनी योगायोग दिसल्यावर कागद शोधला. मी योगायोग दिसल्यावर मथळा शोधला. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट, आणि वीस वर्षं धंद्यात काढून मी ती विसरलो.

त्या बाईंनी मे महिन्यात खोली सोडली. आता त्या माहेरी असतात.

खुलासा, उशिरा का होईना : फेब्रुवारी २०२० मध्ये मी दिलेली 'कोरोनाच्या विषाणूत एचआयव्हीचे तुकडे' ही बातमी चुकीची होती. एचआयव्ही आणि कोरोना हे वेगवेगळे विषाणू आहेत. एआरटी घेणाऱ्या माणसाच्या शेजारी राहिल्यानं कुणालाही काही होत नाही. ज्यांच्या घरात ते कात्रण अजून असेल, त्यांनी त्याला हे जोडून ठेवावं.