पाण्याचा कारभारी : बंगळूरची गोष्ट

आज मी तुम्हाला बंगळूरच्या बसवनगुडीत घेऊन आलोय. इथल्या मोठ्या नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते, अशी श्रद्धा आहे. जवळच केंपेगौडाच्या काळातला केंपांबुधी तलाव. म्हणजे या वस्तीचं पाणी एके काळी हाकेच्या अंतरावर होतं. मग ते लांब कसं गेलं?

१८७६-७८च्या दुष्काळाने तळ्यांवर विसंबलेल्या शहराला धडा शिकवला. १८९४मध्ये म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर यांनी अर्कावती नदीवर हेसरघट्टाची योजना उभारली. ते पाणीही अपुरं पडलं, तेव्हा १९३३मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण झालं. त्यामागे विश्वेश्वरय्यांचा सल्ला होता. हे तेच, पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणारे विश्वेश्वरय्या.

१९६४मध्ये कायदा करून पाणी आणि सांडपाणी यांसाठी स्वतंत्र जलमंडळ स्थापन झालं. १९७४मध्ये कावेरी शहरात आली. इथे एक फरक ध्यानात घ्या. मुंबईला तानसाचं पाणी १८९२पासून उताराने येतं; बंगळूर मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटर आणून जवळपास ५०० मीटर वर चढवावं लागतं. त्यामुळे मंडळाच्या खर्चाचा मोठा वाटा विजेवर जातो. असं महाग पाणी फुटक्या नळातून वाहून गेलं, तर त्यासोबत वीजही वाहून जाते.

मार्च २०२४मध्ये बोअरवेल आटल्या. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड लागला. ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटरचा. आधीचा टप्पा २०१२मध्ये पुरा झाला होता. दोन टप्प्यांत बारा वर्षं! मंडळाचा अध्यक्ष बहुधा आयएएस अधिकारी; त्याची बदली त्याच्या कितीतरी आधी होते.

म्हणून मला वाटतं, पाणीखात्याच्या प्रमुखाची खरी परीक्षा नव्या धरणावर होत नाही. गळती शोधणं, मीटर चालू ठेवणं, तळी जपणं, २००९पासून सक्तीचं असलेलं पावसाचं पाणी साठवणं खरोखर करून घेणं, या कामांना कोनशिला नसते. पण उन्हाळ्यात नळाला पाणी येतं ते याच कामांमुळे. तुमच्या शहरातला पाण्याचा कारभारी कोण आणि तो किती वर्षं टिकतो, एवढं जरूर विचारा.