डोक्यात फिरणारं कपाट

मागच्या शनिवारी घर बदललं. बाकीचं सामान पटापट खाली गेलं, पण आजीचं सागवानी कपाट जिन्यात अडकणार हे मी मेजरिंग टेपने आधीच 'सिद्ध' करून ठेवलं होतं. टेम्पोबरोबर आलेले मामा जिन्याच्या वळणावर उभे राहिले, एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा कठड्याकडे, आणि चार-पाच सेकंद काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, उताणं करा, पाय पुढे. वळणावर उभं करून घेऊ." आणि निघालं की कपाट!

ते चार-पाच सेकंद काही माझ्या डोक्यातून जाईनात. तेवढ्या वेळात मामांच्या मनात खरंच कपाट फिरत होतं का? की 'फिरवून बघितलं' ही आपली नुसती बोलायची पद्धत?

प्रश्न जुना आहे. १८८०च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टनने लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवायला सांगितलं आणि काय दिसतंय ते विचारलं. कुणाला लख्ख दिसलं, कुणाला काहीच नाही. पण हा सगळा साक्षीपुरावा. समोरचा म्हणतोय म्हणून मानायचं, तपासायची सोय नाही. (आमच्या धंद्यात याला "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणतात.) १९१३ साली जॉन वॉटसनने या प्रकाराला वैतागून जाहीर केलं की मानसशास्त्राने फक्त बाहेरून दिसणारं वर्तन अभ्यासावं. मग अमेरिकेत पुढची काही दशकं मनातल्या चित्रांबद्दल बोलणं म्हणजे भुताखेतांबद्दल बोलण्यासारखं झालं. खरं सांगायचं तर मला वॉटसनचा राग येत नाही. त्याची तक्रार रास्त होती, उपाय तेवढा जालीम होता.

तर १६ नोव्हेंबर १९६८. रॉजर शेपर्ड नावाचा मानसशास्त्रज्ञ पहाटे अर्धवट झोपेत असताना त्याला त्रिमितीय आकृत्या हवेत संथपणे गरगरताना दिसल्या. पूर्ण जाग येईपर्यंत त्याच्या डोक्यात प्रयोगाचा आराखडा तयार होता! (मला पहाटे फार तर पाण्याचा टँकर दिसतो.)

शेपर्ड आधी बेल लॅब्जमध्ये होता आणि १९६८मध्ये नुकताच स्टॅनफर्डला आला होता. जॅकलीन मेट्झलर या विद्यार्थिनीबरोबर त्याने हा प्रयोग केला. १० ठोकळे एकाला एक जोडून, तीन ठिकाणी काटकोनात वळवलेल्या आकृत्या. चित्रं बेल लॅब्जच्या कॉम्प्युटरवर काढून घेतली. समोर दोन चित्रं यायची. निम्म्या जोड्यांत तीच वस्तू नुसती फिरवलेली, निम्म्यांत आरशातली, म्हणजे डाव्या-उजव्या चपलेसारखी, कितीही फिरवली तरी न जुळणारी. सारखी असेल तर उजवा खटका ओढायचा, नसेल तर डावा. आठ माणसं, प्रत्येकाला १,६०० जोड्या. बिचारे!

आता यातली गंमत बघा. मेंदू जर वस्तूच्या खुणांची यादी करून दोन याद्या ताडून बघत असेल, तर कोन २० अंशांचा असो की १८०, वेळ साधारण तेवढाच लागायला हवा. पण १९७१मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलेल्या आलेखात होती सरळ रेघ. शून्य अंशाला साधारण एक सेकंद, आणि पुढे कोन वाढेल तसा त्याच प्रमाणात वेळ वाढत जाऊन १८० अंशांना चार सेकंदांच्या वर. वेग निघाला सेकंदाला साधारण ६० अंश. आणि चित्र कागदावरच घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलेलं असो की वस्तू खोलीत, म्हणजे आपल्यापासून लांबच्या दिशेने वळवलेली असो, रेघेचा चढ जवळपास तोच! म्हणजे लोक कागदावरच्या रेघा फिरवत नव्हते, वस्तू फिरवत होते.

आपण ज्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड बघू शकत नाही त्याला वेगवेगळे इनपुट देऊन वेळ मोजतो ना, अगदी तेच. कुणाची साक्ष नको, घड्याळ पुरे. वॉटसनच्याच नियमांनी खेळून शेपर्डने वॉटसनला हरवलं.

अर्थात भांडण तिथे मिटलं नाही. झेनॉन पिलिशिन १९७३पासून म्हणत राहिला की मनात चित्रबित्र काही नाही, भाषेसारखी वर्णनं आहेत. मुद्दा बिनतोड वाटतो, कारण सरळ रेघ तर कोडमध्ये 'स्लीप' टाकूनही काढता येते. याला मला सगळ्यात आवडलेलं उत्तर लिन कूपरचं, १९७६चं. तिने लोकांना मनात आकृती फिरवायला लावली आणि मध्येच, त्या माणसाच्या वेगानुसार आकृती या क्षणी जिथे पोचली असेल नेमक्या त्याच कोनातलं चित्र समोर टाकलं. उत्तर झटकन आलं, कोन कितीही असो. इतर कोनांना उशीर. चालू प्रोग्रॅमला ब्रेकपॉइंट लावून आत डोकावल्यासारखं! म्हणजे मनातली आकृती मधल्या कोनांमधून खरंच जाते. त्यासाठी आत चित्र लागतं का, हा वाद मात्र बराच काळ रंगला.

पण वस्तू फिरवता येणं आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघता येणं या दोन गोष्टी एक नव्हेत. मेरी हेगर्टी आणि डेव्हिड वॉलर यांनी २००४मध्ये दाखवलं की या दोन क्षमतांचं नातं जवळचं आहे, तरी त्या वेगळ्या मोजता येतात. मला याचा पुरावा त्याच संध्याकाळी मिळाला. नव्या घरात मी दारातून "डावीकडे घ्या" म्हणत होतो, बायको खिडकीपाशी उभी राहून "अहो, उजवीकडे!" म्हणत होती. कपाट खोलीभर दोनदा फिरलं. मामांनी ते शेवटी खाली टेकवलं आणि विचारलं, "साहेब, कुणाचं डावं?"